तक्रारीची ड्यूटी

मोकळेपणाची रंगीत तालीम जेवणाच्या हॉलमध्ये झाली.

धुळे-चाळीसगाव रस्त्यालगतच्या त्या लष्करी डेपोत जवानांची मतं गोळा करायला जळगावहून एक पथक येणार होतं. विषय होता कामाच्या जागचं वातावरण आणि वरिष्ठांचं नेतृत्व. मतं जवानांची स्वतःची हवी होती, त्यामुळे ती आधी पाठ करून घेणं भाग होतं. सुभेदार जीवराम बाकावर चढले, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “सगळ्यांनी अगदी मोकळेपणाने बोलायचं. काय बोलायचं, ते मी सांगतो.”

सांगून झालं. कर्नल साहेब बापासारखे, जेवण घरच्यासारखं, रजा मागण्याआधी मिळते. मागे कोणीतरी खोकलं. सुभेदारांनी खोकणाऱ्याला ओळखलं, पण मोकळेपणाचा दिवस म्हणून सोडून दिलं.

“आता ऐका. सगळेच गोड बोलले, तर पथकाच्या त्या प्रमुख बाईंना वाटेल आपण धमकावून आणलंय. म्हणून थोडं असमाधान लागणार. तिघं पुरेत. कोण होतं असमाधानी?”

सगळा हॉल समाधानी होता. एकही हात वर जाईना.

“मग मीच लावतो. पुना, तू वरण पातळ आहे म्हणायचं. वना, टीव्हीचा रिमोट हवालदारांकडेच असतो म्हण. आणि झुलाल, तुला न्हाणीघरातला नळ. टपकतो.”

नाईक झुलाल उभा राहिला. “साहेब, नळ तर चांगला आहे.”

“उद्या टपकेल. फौज आहे ही, खोटं बोलायचं नाही.” आणि संध्याकाळी प्लंबर येऊन चांगल्या नळाचा वायसर काढून घेऊन गेला.

दुसऱ्या कोणाला ही ड्यूटी म्हणजे कटकट वाटली असती. झुलालला मात्र त्या रात्री वाटलं, की सालं, देव कधीकधी सुभेदाराच्या वेशातसुद्धा येतो. कारण झुलालजवळ एक खरी तक्रार होती. तिचं नाव भटू.

भटू दोंडाईच्याचा, झुलाल तिथून जवळच्याच एका खेड्यातला. दोघं एकाच भरतीत आले होते. गेल्या मे महिन्यात पाहुणे यायच्या दिवशी वाटेच्या कडेच्या विटांचा गेरू कर्नल साहेबांना फिका वाटला, आणि विटा भटूच्या ताब्यात होत्या. पाठीवर भरलेलं दप्तर बांधून पळायचं, या शिक्षेला फौजेत पिट्ठू म्हणतात; साहेबांनी भटूला तीच दिली. खानदेशातला मे, दुपारची वेळ, गाड्या उभ्या करायचं डांबरी मैदान. भटू पडला तेव्हा बूट डांबराला चिकटले होते. झुलालने त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. भटू जगला, त्याची मूत्रपिंडं मात्र जगली नाहीत.

कागदावर आलं ते असं : जवान विश्रांतीच्या वेळेत, स्वतःच्या हौसेने व्यायाम करत होता. सेवेशी संबंध नाही. म्हणून अपंगत्वाचं पेन्शन नाही. झुलालला चौकशीत कोणी विचारलंच नाही, कारण कागदावर तो त्या दिवशी रजेवर होता. वर्षभर मागून न मिळालेली रजा त्याला तेव्हा मागल्या तारखेने मिळाली.

भटूने वर अपील केलं होतं. पलटणीतल्या एकाने जरी कुठे अधिकृतपणे सांगितलं की शिक्षा झाली होती, तर प्रकरण पुन्हा उघडेल, असं वकील म्हणाला होता.

रविवारी झुलाल धुळ्याला दवाखान्यात गेला. भटूच्या हाताला डायलिसिसच्या नळ्या लावलेल्या, उशाशी त्याची बायको रूपाली. झुलालने ड्यूटीची हकिगत सांगितली तसा भटू इतका हसला, की नर्स ओरडली.

“तक्रार कराना हुकूम? आनि तीबी नळनी?”

“हुकूम तक्रार कराना शे,” झुलाल म्हणाला. “कोनती करानी, ते मी पाहिसू.”

रूपाली हसली नाही. “भाऊ, तुम्हनी नाईकनी पट्टी जाई बरं. पोरं शेतस तुम्हले.”

“जाऊ दे, वहिनी. पट्टी काय, लाकडी पेटीत आनखी एक शे.”

पेटीत दुसरी पट्टी नव्हती. पण माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसला की थोडं वाढवून बोलतो.

पथक आलं. प्रमुख होत्या डॉक्टर सुलक्षणा, जळगावच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवणाऱ्या, मऊ बोलणाऱ्या, खरोखरच चांगल्या बाई. सोबत टॅबलेट घेऊन साकिब नावाचा सहायक. बाईंनी आधीच सांगून टाकलं, की कोणाचंही नाव विचारणार नाही, सगळं गुप्त राहील. झुलालच्या छातीवर पितळी नेमप्लेट होती. साकिबने ती वाचली आणि सभ्यपणे नजर वळवली. दाराबाहेर सुभेदार जीवराम गुप्ततेवर लक्ष ठेवून उभे होते.

“तुमच्या वरिष्ठांना तुमच्या भल्याची काळजी वाटते, याच्याशी तुम्ही किती सहमत आहात? एक ते पाच.”

“मॅडम, एकाच्या खाली काय आहे?”

साकिबचं बोट थांबलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. “बोला.”

आणि झुलाल बोलला. गेरू, विटा, डांबर, बूट, खांद्यावरचं ओझं, मागल्या तारखेची रजा, भटूच्या हाताच्या नळ्या. आवाज दाराबाहेर जातोय हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने तो थोडा आणखी चढवला. कर्नल साहेबांचं नाव त्याने हुद्द्यासकट घेतलं. त्याचं बोलून झालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“इतक्या वर्षांच्या कामात माझ्याशी इतकं मोकळं कोणी बोललं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी एक अक्षरही गाळणार नाही.”

त्यांनी खरंच गाळलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

बाहेर सुभेदार पांढरेफटक. “अरे लेका, नळ! तुला नळ दिला होता!”

“टपकला, साहेब,” झुलाल म्हणाला.

मग वाट पाहणं आलं. पट्टी उतरेल, बदली होईल, कुठल्यातरी बर्फात पाठवतील, म्हणून झुलालने पोरांना फोन करून अभ्यास नीट करा वगैरे सांगून ठेवलं. मेसमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. पुनाने तर त्याला वरण वाढतानासुद्धा इकडेतिकडे पाहून घेतलं. वरण पातळच होतं.

अहवाल आला आणि कर्नल साहेबांनी दरबार भरवला. सगळे जवान सतरंज्यांवर, साहेब खुर्चीत. साहेबांनी चष्मा लावून अहवाल स्वतः वाचला, मराठीतून, कारण त्यांना जवानांची भाषा येते हेही अहवालात होतं.

“‘या युनिटमध्ये एक सामान्य नाईक आपल्या सर्वोच्च अधिकाऱ्यावर, त्याचं नाव घेऊन, निर्भयपणे अत्यंत गंभीर आरोप करू शकतो. असा मोकळेपणा आम्हाला इतर कुठेही आढळला नाही. हे नेतृत्वाचं मोठं यश आहे.’ मोकळेपणात आपला नंबर पहिला आलाय, पोरांनो.”

सुभेदारांनी टाळी सुरू केली. सतरंज्यांवरून टाळी लाटेसारखी मागे गेली.

“आणि ते आरोप?” झुलाल उभा राहिला होता. आपण कधी उठलो ते त्याचं त्याला कळलं नाही.

“तेही आहेत ना, अक्षर न् अक्षर. खाली टीपही आहे.” साहेबांनी पान उलटलं. “‘वैयक्तिक प्रकरणांची शहानिशा हा या सर्वेक्षणाचा विषय नाही.’ बस, बेटा. बघा, बघा कसा उभा राहतो! हेच म्हणतो मी.”

पुन्हा टाळ्या पडल्या.

झुलालची पट्टी उतरली नाही आणि बदलीही झाली नाही. उलट त्याला डेपोतून हलवायचं नाही असा तोंडी हुकूम निघाला. कोणी वरिष्ठ पाहणीला आले, की गोदामं दाखवून, झाडं दाखवून, मग त्यांना झुलालसमोर आणायचे. “हा आमचा झुलाल. याला विचारा माझ्याबद्दल. अजिबात भीडभाड ठेवत नाही.” आणि झुलाल सांगायचा. पहिल्यांदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर ओरडून सांगितलं. पाहुणे गंभीरपणे मान हलवायचे, कर्नल साहेबांचा हात हातात घेऊन म्हणायचे, कमाल आहे, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. एका ब्रिगेडियर साहेबांनी झुलालसोबत फोटो काढून घेतला.

पावसाळा सरता सरता भटूच्या अपिलाचा निकाल लागला. अपील फेटाळलं. कारण दिलं होतं, की संबंधित युनिट तक्रारींच्या बाबतीत आदर्श मानलं गेलेलं आहे. तिथे अशी शिक्षा खरोखर झाली असती, तर तिची तक्रार त्याच वेळी झाली असती.

झुलाल दोंडाईच्याला गेला. मिरचीच्या बाजारामागे भटूचं भाड्याचं घर. भटू खाटेवर पडलेला, पाय सुजलेले. रूपालीने पाण्याचा तांब्या झुलालसमोर ठेवला. भटूला दुखण्यामुळे मोजून पाणी होतं, म्हणून झुलालने त्याच्यासमोर प्यायचं टाळलं.

“बठ्ठं सांगं तू? काहीच नही सोडं?” भटूने विचारलं.

“बठ्ठं. चार डाव सांगं.”

“मंग?”



“त्यास्ले आवडनं,” झुलाल म्हणाला.

भटूला हसू आलं, पण या वेळी अंगात तेवढा जोर नव्हता. “मंग आते नको सांगू. तुना सांगानं त्यास्ले मार्क मिळतस.”

“नही सांगं, तर लिखतीन, झुलालबी आते समाधानी शे.”

तिघांनीही डोक्याला जोर देऊन पाहिलं, पण या दोन्हीच्या मधलं असं काही कोणाला सुचेना. पुढच्या आठवड्यात दिल्लीहून मोठे साहेब यायचे होते आणि सुभेदारांनी झुलालचा गणवेश इस्त्रीला दिला होता.

रूपाली उठली. “जेवाले थांबा, भाऊ,” ती म्हणाली, आणि भटूचं नि त्याचं अशी दोनच ताटं मांडली. टोपल्यात भाकरी तेवढ्याच होत्या.