पाना कुठे गेला, ते मला ठाऊक आहे

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. लखनौच्या इंदिरा नगरात एका जिन्याखाली माझा मुक्काम असतो. वय बावीस, पण अजून दुसऱ्या किकला चालू होते. स्वतःची फुशारकी मारू नये म्हणतात, पण म्हातारीला एवढं माफ असावं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो भाऊरावांचा हात. भाऊराव नागपूरचे, रेल्वेत इंजिनिअर, बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या सुभद्राबाईंना मागे बसवून मी निशातगंजहून भाजी आणली. चौदा एप्रिलला निळा झेंडा मिरवला. त्यांची दीप्ती माझ्या टाकीवर बसून शाळेत गेली. "आमची गाडी म्हणजे शहाणी पोर आहे," असं भाऊराव चारचौघांत सांगायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मागच्या वर्षी ते रिटायर झाले. रेल्वेत सैल नट म्हणजे गुन्हा, आणि ही सवय काही रिटायर झाली नाही. दर रविवारी पाना घेऊन ते घरभर फिरू लागले. नळ आवळले, पंखा आवळला, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा हाताने करकचून आवळलं. मग माझी पाळी आली. क्लचची लिव्हर जराशी हलते असं पाहून त्यांनी तिची वायर घट्ट ताणली. मला ओरडावंसं वाटलं, पण आम्हाला वाचा कुठे?

तेव्हापासून माझी अब्रू गेली. लिव्हर सोडली तरी वायर ताणलेलीच राहायची, त्यामुळे आतल्या क्लचप्लेट एकमेकींना घट्ट धरेनात, घसरू लागल्या. निशातगंजच्या पुलावर इंजिन बोंब मारी आणि चाक मात्र रेंगाळे. एक ई-रिक्षा मला मागे टाकून गेली, तीही सहा माणसं घेऊन!

"प्लेटा गेल्या. आता हिच्यात काही राहिलं नाही," भाऊराव म्हणाले. जुन्या गाड्या खोलून सुटे भाग विकणाऱ्या लक्ष्मीकांतला त्यांनी रविवारी दहाला बोलावलं. तो आठवडा मी भीतीत काढला.

रविवारी भाऊराव मला शेवटचं पुसत होते. डोळे ओले होते त्यांचे. दीप्ती शेजारी उभी होती.

"पापा, बेचने से पहले एक बार घर पर देख तो लेते."

"काय बघायचं? तीस वर्षं इंजिनंच पाहिली मी."

इतक्यात सुभद्राबाई बरणी घेऊन आल्या. "अहो, आधी ही उघडून द्या. तुम्ही आवळलीत तेव्हापासून लोणचं आतच बसलंय."

दीप्तीने बरणीकडे पाहिलं, मग माझ्या लिव्हरकडे. "पापा, सच बताइए, इसका क्लच भी आपने टाइट किया था?"

भाऊराव फडकं झटकू लागले. "सैल वाटलं म्हणून… जरासं."

"अरे यार पापा! थोड़ा ढीला तो रहना ही चाहिए!"

भाऊराव खाली बसले आणि स्वतःच्या हातांनी वायर सैल करू लागले. लिव्हरच्या बुडाशी रुपयाचं नाणं जेमतेम सरकेल एवढी फट झाली, तेव्हा थांबले. आठ दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

दीप्तीने मला पुलावर नेलं. भाऊराव पहिल्यांदाच मागे बसले होते. चढ आला, तिने मूठ पिळली आणि मी सुसाट निघाले! वाटेत एक ई-रिक्षा भेटली. तीच होती की नाही कोण जाणे, पण मी तिला मागे टाकलं. "हिचं काही बिघडलं नव्हतं गं, मीच छळलं हिला," भाऊराव म्हणाले.

परतलो तर लक्ष्मीकांत दोर घेऊन जिन्यापाशी उभा. "भैया, गाड़ी नहीं देनी. चाय पीकर जाइए," भाऊराव म्हणाले आणि सुभद्राबाईंकडून बरणी घेऊन तिच्या झाकणाशी झटू लागले.

मित्रांनो, आम्हाला पुसा, तेलपाणी बघा, बिघडलं तर टाकून देण्याआधी एकदा नीट पाहा. आणि जीव लावा, पण फार आवळू नका. थोडी ढील असली की आम्ही जन्मभर साथ देतो.

आज पुन्हा रविवार आहे. भाऊराव सकाळपासून पाना शोधत आहेत. सुभद्राबाईंनी तो माझ्याच सीटखाली लपवला आहे. मी काही सांगणार नाही.