दोराचे दुसरे टोक

मित्रांनो, मी पोलिसांकडचा एक जुना दोर आहे. चोरांच्या मुसक्या बांधणारा नव्हे, नदीत बुडालेल्यांना शोधणाऱ्या पाणबुड्यांच्या तुकडीतला. आज माझा रंग कळकट फडक्यासारखा दिसतो, पण एके काळी मी पिवळाजर्द होतो.

ओहायोतल्या एका कारखान्यात नायलॉनचे धागे पिळून मला विणले आणि हार्लन फॉल्स शहराच्या पोलिसांनी मला घेतले. तिथे तुकड्या पुष्कळ होत्या. श्वानपथकाचे फोटो वर्तमानपत्रात यायचे. घोडेस्वारांना मुले हात हलवायची. बाँब उचलणाऱ्या यंत्राला तर शाळाशाळांतून आमंत्रणे असत. आम्हाला हौसेने कधी कुणी बोलावले नाही. आमची आठवण व्हायची तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा.

आमची नदी गढूळ. खाली उतरणाऱ्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, चाचपडतच शोधावे लागते. म्हणून माझे एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरे काठावरच्या माणसाच्या हातात. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे, चार म्हणजे सापडला. काठावरून तीन हिसके म्हणजे वर ये. मला एवढेच बोलता येते.

काठावरचा माझा माणूस वेंडेल ह्यूझ. तो पोलीस नव्हता. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, घर खायला उठले, म्हणून त्याने पोलिसांच्या स्वयंसेवकांत नाव घातले. बाकीचे म्हातारे स्वयंसेवक परगावी गेलेल्यांच्या घरांवर नजर ठेवत, शाळेपुढची रहदारी थांबवत आणि ठाण्यातली फुकटची कॉफी पिऊन तिलाच नावे ठेवत. वेंडेलच्या वाट्याला मी आलो. काम झाले की तो मला स्वच्छ पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि कुठे धागा सुटला आहे का हे बोटांनी तपासायचा. माझे इतके कुणीच केले नाही.

मग एका मार्च महिन्यात कर्टिस टिलरी नावाचा मुलगा रेल्वेच्या पुलावरून पाय घसरून नदीत पडला. त्याची आई ल्युरीन इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची. शोध चालला तितके दिवस ती काठावर उभी होती. शेवटच्या दिवशी पाणी चढू लागले आणि अंधार पडायच्या आत शोध बंद करा, असा कॅप्टनचा हुकूम आला. रेनाटा कोसिक ही आमची पाणबुडी शिपाई तेव्हा खाली होती. ल्युरीन वेंडेलच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मला धरू द्या," ती म्हणाली.

घरच्या माणसाच्या हाती दोर द्यायचा नाही, असा आमचा कडक नियम होता. वेंडेलने पाण्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"माझ्या हातामागं धरा," तो म्हणाला. "ओढू मात्र नका."

तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता. तेवढ्यात प्रवाहाने मला तळाच्या कुठल्याशा लोखंडावर घासले आणि मी ताणला गेलो.

"ओढलं," ती म्हणाली. "त्यानं ओढलं. माझं लेकरू आहे, मला कळतं."

वेंडेलला तो ओढा ओळखीचा होता. ती नुसती नदी होती. मित्रांनो, नियम केला होता तो याचसाठी. मी आजवर खोटे बोललो नव्हतो. त्या दिवशी नदी माझ्या तोंडून खोटे बोलली, आणि मला ते परत घेता येईना. वेंडेलने हुकुमाप्रमाणे तीन हिसके दिले. रेनाटा रिकाम्या हातांनी वर आली.

"का बोलावलंत तिला वर?" ल्युरीनने विचारले. "तो ओढत होता ना."

कर्टिस सापडला नाही. पुढे खर्च परवडत नाही म्हणून आमची तुकडीच मोडली. रेनाटाची रवानगी वाहतूक शाखेत झाली. मला कालबाह्य ठरवून कचऱ्याच्या पेटीत टाकले, तिथून वेंडेलने उचलून घरी नेले. आता आराम, असे मला वाटले होते.

पण दर रविवारी चर्च सुटले की ल्युरीन पुलाखाली येते आणि वेंडेल मला तिथे घेऊन जातो. एका टोकाला लोखंडी वजन बांधून तो मला पाण्यात सोडतो आणि दुसरे टोक तिच्या हातात देतो. पहिल्या खेपेला त्याने खरे सांगून पाहिले.

"ल्युरीन, खाली कुणी नाहीये. ही नदी ओढते."

"माहितीये मला," ती म्हणाली. "सोडा तुम्ही दोर पाण्यात."

त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नाही. नदी ओढते आणि ती डोळे मिटून उभी राहते. हे थांबवायला हवे, असे वेंडेलला दर वेळी वाटते. त्याच्याने ते होत नाही.

आता त्याची बोटे सांधेदुखीने आखडली आहेत. तो मला ओलाच गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकतो. मी त्याला दोष देत नाही. पण माझे आतले धागे एकेक करून तुटत आहेत आणि वरून ते कुणाला दिसत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी दोर असेल, भले कपडे वाळत घालायचा असेल, तर त्याला उन्हात पडू देऊ नका, ओला गुंडाळू नका. अधूनमधून हात फिरवून पाहत जा. माझ्यासाठी आता त्याचा उपयोग नाही. एखाद्या रविवारी मी पाण्यातच तुटेन आणि माझा ताण एकदम जाईल. दोर जुना झाला होता, असे वेंडेल तिला समजावेल. ल्युरीनच्या हाताला मात्र एवढेच कळेल, की तिच्या लेकराने सोडले.