चोवीस सूर्य

टाचण्या तोंडात धरू नयेत, हे सर पंचवीस वर्षं मुलांना ओरडून सांगत आले होते. आज मात्र स्वतःच चार टाचण्या ओठांत दाबून ते शिपायाला खुणावत होते, जरा डावीकडे, आता खाली. सभागृहाच्या लांबलचक फळ्यावर शाळेच्या वार्षिकाची पंचवीस मुखपृष्ठं लागत होती. सगळी सरांनीच काढलेली.

मोठ्या बाई परवा म्हणाल्या होत्या, "सर, तुमची झाडून सगळी मुखपृष्ठं लावून ठेवा. पाहुणे येणारेत." सरांना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. सत्कार हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, तो सरांनी मनातल्या मनात घातला होता. म्हणून ठेवणीतला शर्ट इस्त्री करून अंगावर चढला होता. काखेत एक गुंडाळी होती. यंदाचं, म्हणजे शेवटचं मुखपृष्ठ. एवढं एक छापून आलं की सुखाने घरी बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुलं त्यांना पाठीमागे 'सूर्योदय सर' म्हणत. प्रत्येक मुखपृष्ठावर सूर्य उगवलेला असायचाच. आकृत्या सरांच्या, पण आभाळ रंगवायची त्यांची बायको. स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरून ती म्हणायची, "रेघा तुमच्या, आभाळ माझं. मध्ये बोलायचं नाही." तिला जाऊन सात वर्षं झाली होती.

पाहुणा आला. तिशीतला, हसतमुख, पुस्तकांची मुखपृष्ठं करण्यात नाव कमावलेला. समोरची चित्रं कुणाची, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मुलांनो," तो म्हणाला, "मुखपृष्ठ कसं नसावं, ते आधी बघू. तुमच्या शाळेने साठा तर झकास जमवलाय!"

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगांतल्या माना वळल्या आणि नजरा सरांवर येऊन थांबल्या. सरांनी गुंडाळी मांडीवर आडवी घेतली.

"या एकाच चित्रात किती वस्तू आहेत, मोजा बरं."

"सूर्य! इमारत! पुस्तक! कबुतर! ढाल! परीक्षानळी!" मुलांना चेव चढला. तेरावर आकडा थांबला.

"डोळ्याला टेकायला जागा आहे का कुठे? रंग किती? अक्षरं किती तऱ्हांची? आणि शाळेचं नाव शोधायला तर भिंगच हवं. ज्याला काहीच सोडवत नाही ना, त्याचं मुखपृष्ठ असं होतं."

खरंच होतं ते. सरांना त्यातला शब्द न् शब्द पटत होता, आणि तेच जास्त लागत होतं. पण इमारत संस्थेच्या अध्यक्षांनी घालायला लावली होती. ढालीसाठी खेळाचे सर आठवडाभर मागे लागले होते, आणि आता तेच पोट धरून हसत होते. "यात विज्ञान कुठाय हो?" असं विचारून परीक्षानळी घुसवणाऱ्या बाई आज कीव आल्यासारखी मान हलवत होत्या.

मोठ्या बाई बाजूला वाकून हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हं. मुलांना शिकायला मिळतंय." म्हणजे चित्रं कशासाठी लावून घेतली, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

पाहुणा एकोणिसाव्या मुखपृष्ठापाशी थबकला. साधा निळा कागद, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शाळेचं नाव. बस्स.

"आणि आता हे बघा," त्याचा आवाजच बदलला. "काही नाही, तरी नजर हलत नाही. कुठे थांबायचं, ते या माणसाला कळलंय. कुणी केलंय हे?"

"सूर्योदय सरांनी!" मागून कुणीतरी ओरडलं. "ती सगळीच त्यांची!"

पाहुण्याचा चेहरा पडला. सावरासावर करायला म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "मग सर, या ना वर. तुम्हीच सांगा, ही कल्पना सुचली कशी?"

टाळ्या सुरू झाल्या. न उठणं बरं दिसलं नसतं. सर उठले.

कल्पना वगैरे काही नव्हती. त्या वर्षी बायको चाळीस दिवस दवाखान्यात होती. चित्राच्या रेघा झाल्या होत्या, आभाळ राहिलं होतं. ती गेल्यावर आठव्या दिवशी छापखान्याचा फोन आला. "सर, आतलं सगळं छापून झालं. मुखपृष्ठाचं काय?" सर म्हणाले, "काहीही छाप." छापखानेवाल्याकडे निळा कागद उरलेला होता. तिथून पुढची सहा मुखपृष्ठं सरांनी मुद्दामच गच्च भरली, रंगवायला आभाळ उरूच नये म्हणून.

माइकसमोर त्यांना दुसरं काही आठवेना.

"त्या वर्षी," ते म्हणाले, "आभाळ भरायला माणूस नव्हतं."

"व्वा!" पाहुणा जवळजवळ ओरडलाच. "क्या बात है! लिहून घ्या रे हे."

तीनशे मुलांनी माना खाली घालून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, 'भरायला'च्या पुढे काय?" सरांनी तिला ते पुन्हा सांगितलं.

दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. यंदा त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं. खाली शाळेचं फाटक, त्यातून बाहेर पडणारी चार मुलं, एक छोटा सूर्य, आणि वर नुसतं आभाळ. ते त्यांनी पहिल्यांदाच स्वतः रंगवलं होतं, ती रंगवायची तसं, ओल्यावर ओला थर देत. एकोणीस दिवस लागले होते.

बाईंची नजर सूर्यापलीकडे गेलीच नाही.

"परत सूर्य? अहो सर, आज एवढं ऐकलंत ना? त्या निळ्यासारखं करा की. कोरं छान. तुम्हाला तर सोपंच, काही काढायचंच नाही. आणि आजच हवंय हं, छापखान्याचा माणूस खाली येऊन थांबलाय."

सरांनी चित्र पालथं घातलं, टेबलावरचं काळं पेन उचललं आणि कोऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, शाळेचं नाव लिहिलं.

"हे घ्या."

"बघा! दोन मिनिटांत झालं की नाही?" बाईंनी कागद उजेडात धरला. "फक्त वरच्या बाजूला काहीतरी निळसर उमटलंय. डाग पडलाय का हो?"

"पलीकडून आलंय," सर म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावून ते जागच्या जागी ठेवलं. "छापताना जाईल ते."