कोमट रेडिएटर

म्युरिएल फेदरस्टनच्या घरातला, घर तापवणारा तेलावरचा बॉयलर ऑक्टोबरात निघाला आणि त्याच्या जागी हीट पंप आला. मागच्या अंगणात पंखा असलेली एक मोठी पेटी बसली. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून ती घरात आणते म्हणे. म्युरिएलला ही शुद्ध थाप वाटली. पण बराचसा खर्च सरकारी अनुदानातून भागत होता, आणि मुख्य म्हणजे ज्युडिथची अट होती.

ज्युडिथ ही तिची एकुलती एक मुलगी. डार्लिंग्टनच्या शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि घरीही त्याच सुरात बोलायची. "हे घर नाताळापर्यंत ऊबदार झालं तर राहा इथं. नाही झालं तर माझ्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठीचा फ्लॅट आहे, तिथं यायचं. मी तुझं नाव घालून ठेवलंय."

म्युरिएल लग्न होऊन उत्तर इंग्लंडातल्या वेअरडेल खोऱ्यातल्या या घरात आली होती. नवरा याच घरात गेला. तिला इथून हलायचं नव्हतं, आणि ते ती कोणालाही तोंडावर सांगायची.

आता वेअरडेलमध्ये उगाच घर तापवणं म्हणजे उधळेपणा. सकाळी तासभर, संध्याकाळी थोडा वेळ, तेही बैठकीच्या खोलीपुरतं. बाकीची दारं बंद. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक स्वेटर. चाळीस-पन्नास वर्षं हे पाळलेल्या बाईनं पंपालाही तोच नियम लावला. झोपताना बंद, दुकानात जाताना बंद. जुना बॉयलर पेटला की चुटकीसरशी चटका बसेल इतका तापायचा. हा पंप तासन्‌तास नुसता घुमायचा. नोव्हेंबरात स्वयंपाकघरात तोंडातून वाफ दिसायला लागली. जुन्याकडे परत जायचीही सोय नव्हती, कारण तो काढून टाकल्याशिवाय अनुदान मिळत नव्हतं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला वाटलं. शेवटी तिनं पंप बसवणाऱ्या क्रेगला बोलावलं.

क्रेगनं भिंतीवरचं पंपाचं बटण पाहिलं. "मिसेस फेदरस्टन, तुम्ही हा बंद का करता?"

"मी झोपल्यावर कोणाला गरम करायचं? भिंतींना?"

"हो. भिंतींनाच," क्रेग हसत म्हणाला. "याला घाई जमत नाही. दिवसरात्र हळूहळू चालू द्या, दारं सगळी उघडी टाका. खोल्यांमधले ऊब देणारे रेडिएटर हाताला कोमटच लागतील, घाबरू नका. आणि कृपा करून बटणाला हात लावू नका."

हात न लावणं तिच्या अगदी जिवावर आलं. दोनदा ती रात्री उठून बटणापाशी गेली आणि परत फिरली. मग तिनं बटणावर भांडी पुसायचं फडकं टांगून टाकलं. डोळ्यांआड झालं, तेव्हा कुठं तिला झोप लागली. आठवड्याभरात मागची बंद खोलीसुद्धा बसण्यासारखी झाली. म्युरिएलला आनंद झाला, पण क्रेगला फोन करून तसं सांगण्याइतका नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी ज्युडिथ जेवायला आली. कोट न काढता थेट रेडिएटरपाशी गेली आणि तिनं त्यावर तळवा टेकवला.

"गार आहे."

"कोमट आहे."

"आई, पुरे झालं आता."

ती कोटासकट जेवायला बसली. भाजलेलं बीफ वाढलं गेलं, सोबत यॉर्कशर पुडिंगच्या फुगीर खारट वाट्या आल्या, आणि ज्युडिथनं फ्लॅटचं पुराण लावलं. तिथं लिफ्ट आहे, खाली वॉर्डन असते, दुकान समोरच. सांगता सांगता तिनं मफलर काढला. दुसऱ्यांदा बटाटे घेताना कोट खुर्चीच्या पाठीवर गेला. मग कार्डिगन. म्युरिएल ग्रेव्ही वाढत राहिली. असं सुख तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

"आणखी काय काढणार आहेस गं?" ती शेवटी म्हणाली. "शेजारचा लेन खिडकीतून बघतोय."

ज्युडिथनं खुर्चीवरच्या ढिगाकडे पाहिलं. ती हसेल असं म्युरिएलला वाटलं होतं. ज्युडिथनं काटा खाली ठेवला.

"थंडीचं नव्हतंच गं ते," ती म्हणाली. तिचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बाबा पडल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता फोन वाजला की वाटतं, आता तू पडलीस. रोज वाटतं, आई. नुसती भीती वाटते म्हटलं असतं, तर तू मला उडवून लावलं असतंस."

"लावलं असतं," म्युरिएल म्हणाली.

थंडीवरच्या प्रत्येक मुद्द्याला तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. घर छान ऊबदार होतं, अट पुरी झाली होती, आणि समोर पन्नाशीची लेक बाहीनं डोळे पुसत होती.

म्युरिएलनं ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. मग खुर्चीवरचा कोट लेकीला दिला आणि स्वतःचा अंगात घातला.

"चल," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर तो फ्लॅट बघून येऊ."