खांद्यातला कापूस

"टाचणे, हलू नकोस! माप घेतोय मी, वाऱ्यावरचा पतंग नाही पकडत."

मास्तरांच्या ओठांत दोन टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे वाक्य चेपून बाहेर आलं. स्टुलावर उभी असलेली मुलगी खुदकन हसली आणि हसताना हललीच. टाचणी हे नाव तिला मास्तरांनीच ठेवलं होतं. पहिलीत असताना गणवेश शिवायला आली, तेव्हा अंगानं इतकी बारीक आणि जिभेनं इतकी टोकदार होती की दुसरं कुठलं नाव सुचणंच शक्य नव्हतं. आता ती आठवीत होती. जीभ तशीच राहिली होती, उंची मात्र वर्षाच्या मधेच अशी काही सुटली की शर्टाच्या बाह्या कोपराकडे पळायला लागल्या. म्हणून आज शाळा सुटल्या सुटल्या आईनं तिला थेट इथं आणलं होतं.

शाळेच्या चढाच्या पायथ्याशी मास्तरांचं एका खोलीचं दुकान. दोन शिलाई मशिनं, कापड कापायचं लांबलचक टेबल, एक जुनी वजनदार इस्त्री, आणि माणसाला डोक्यापासून पायापर्यंत दाखवणारा आरसा. दाराशी उजेडात बसून मास्तरीणकाकू काजं-बटणं करायच्या आणि मापांची वहीही सांभाळायच्या. मास्तर आकडा मोठ्यानं बोलणार, काकू लिहिणार. गेली पस्तीस वर्षं त्यांचा संसारही साधारण याच पद्धतीनं चालला होता, फक्त घरी मोठ्यानं काकू बोलायच्या.

"बाही, वीस. खांदा, चौदा. उंची, सव्वीस."

मग मास्तर मागे झाले. त्यांनी दोन्ही तळवे मुलीच्या दोन्ही खांद्यांवर अलगद दाबून ठेवले, एक डोळा मिटला आणि दोन हातांमधली पातळी पाहिली. आणि तोंडानं काहीही न बोलता कात्रीची मूठ टेबलावर तीनदा वाजवली.

टक. टक. टक.

काकूंची सुई थबकली. त्यांनी वहीच्या समासात तीन ठिपके दिले.

ही या दोघांची गुप्त भाषा होती. एक टक म्हणजे एक खांदा दुसऱ्यापेक्षा पाव इंच खाली. सहावीत टाचणीच्या नावापुढे एक ठिपका होता, सातवीत दोन. मास्तरांना ही शिकवण त्यांच्या वडिलांची: गिऱ्हाईकाच्या अंगातलं उणं कात्रीनं झाकावं, तोंडानं उघडू नये. त्याला जागून मास्तरांनी गावातल्या कितीतरी ढेऱ्या आजवर पोटात ठेवल्या होत्या. पडक्या खांद्याचा इलाज तर सोपाच. शर्टाची खांद्याची पट्टी दुहेरी असते. तिच्या दोन थरांमध्ये कापसाची पातळ गादी बसवायची, मुलगी असेल तर शर्टावरच्या झग्याची त्या बाजूची कड तेवढी वर घ्यायची. मूल सैनिकासारखं सरळ दिसतं. 'मास्तरांचा गणवेश कसा चापूनचोपून बसतो!' असं आया म्हणायच्या ते उगाच नव्हे.

टाचणी स्टुलावरून उतरली आणि उतरताना तिचा हात आपोआप मानेमागे गेला.

"झालं सुरू," आई म्हणाली. ती कारखान्यातून तशीच आली होती, हातावर खोक्यांच्या चिकटपट्टीचे डाग घेऊन.

"दुखतंय गं."

"ऐकताय ना मास्तर? रोजचं आहे हे. क्लासची वेळ झाली की हिची पाठ दुखते. रविवारी बरी नाही दुखत!"

"रविवारी दप्तर नसतं."

"बघा, उत्तर तयार! अगं, मी दिवसभर वीस-वीस किलोची खोकी उचलते. मला कुठं दुखतं?" आईनं तिचे दंड धरून तिला आरशासमोर उभं केलं. "तुम्हीच सांगा मास्तर. इतकी वर्षं हिचे कपडे शिवताय. कुठं काही वाकडं दिसतंय? पट्टीनं रेघ मारावी असे खांदे आहेत. डॉक्टरकडे नेऊन त्यांना दाखवू काय?"

आरशातली मुलगी खरोखर सरळ होती. जुन्या शर्टात, मागच्या वर्षीच्या मास्तरांच्या कापसावर, दोन्ही खांदे जवळपास एका पातळीत.

टाचणी स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "हो की. सरळच तर आहे मी. मग खरंच नाटक करत असेन का गं मी, आई? मला कळत नाहीये?"

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. बोलायला नको म्हणून ते टेबलावरचं कापड उचलायला वळले. कापडावर तिचं दप्तर होतं. एका हातानं ते बाजूला करायला गेले तर दप्तर जागचं हलेना.

"अरे बाप रे! यात काय, शाळेची भिंत आणलीस?"

"नऊ विषय," टाचणी बोटांवर मोजायला लागली. "प्रत्येकाचं पुस्तक, वर्गाची वही, घरची वही. मग क्लासची पुस्तकं, कारण मधे घरी जायला वेळ नाही. डबा, बाटली, चित्रकलेची वही ती एक आडवी राहते. आणि वेळापत्रक बघून भरलं ना, तर नेमका भलताच तास होतो, आणि पुस्तक नसलं की बाहेर उभं करतात. मग सगळंच न्यायचं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर."

"अगं, मग दोन्ही खांद्यांवर तरी घे!" मास्तर म्हणाले.

"दोन्हीवर घेतलं की मुलं 'कासव आलं, कासव आलं' करतात."

तिनं दप्तर एका झोक्यात उजव्या खांद्यावर टाकलं, कमरेतून डावीकडे कलली, आणि कललेलीच आईमागून निघाली. "शुक्रवारी येते हं न्यायला," आई दारातून म्हणाली.

काकूंनी वही पुढ्यात ओढली.

"तीन झाले," काकू म्हणाल्या.

"लिहिलेस ना? मग झालं."

"लिहून काय त्याची पूजा करू? अहो, पोरगी खोटी पडतेय. तुमच्यामुळे. आणि या माझ्या ठिपक्यांमुळे."

"वडिलांनी सांगितलंय, गिऱ्हाईकाच्या अंगाबद्दल—"

"मामंजींनी जाड्या शेटजींबद्दल सांगितलं होतं. वाढत्या लेकरांबद्दल नव्हतं सांगितलं."

काकूंशी वाद घालायचा म्हणजे भरल्या बॉबिनचा दोरा दातानं सोडवायचा. शेवटी गुंता आपल्याच तोंडात. त्यांनी मशीन सुरू केलं, पण टीप सारखी वाकडी जाऊ लागली. मग उठून त्यांनी वही घेतली आणि या वर्षीची पानं उलटली. ठिपके. पुढच्या पानावर ठिपके. दोन पानं सोडून परत. फळीवरून दहा वर्षांपूर्वीची वही काढली, तर तिच्यात शोधून शोधून तीन-चारच पानं सापडली. पोरांच्या खांद्यांचं काय होतंय याची नोंद अख्ख्या गावात फक्त इथं होती, समासात, कुणाला न कळणाऱ्या लिपीत. आणि ती नोंद करणाऱ्यानंच वरून कापूस लावला होता.

शुक्रवारी टाचणीनं नवा शर्ट घातला आणि आरशापुढे उभी राहिली.

"हे काय?" आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, बिघडवलात की शर्ट! उजवीकडे सगळा ओघळलाय."

"शर्ट बरोबर आहे, ताई."

"बरोबर कसा? मला काय दिसत नाही?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी टाचणीचा जुना शर्ट टेबलावर पसरला, छोटी कात्री घेतली आणि उजव्या खांद्याची टीप उसवायला सुरुवात केली. दुहेरी पट्टी उघडली. आतून त्यांनी बोटभर रुंदीची, वापरून वापरून चपटी झालेली कापसाची गादी काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"हे मी घातलं होतं. सहावीपासून घालतोय, दर वर्षी थोडं जास्त. तिचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आलाय. या वेळी नाही घातलं, एवढंच."

आईनं कापसाकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग परत कापसाकडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

"आणि मी हिला..." तिनं कापूस मुठीत आवळला. "एका शब्दानं सांगता आलं नाही तुम्हाला? मी या पोरीला नाटकी म्हटलं. दुखतं दुखतं करत रडत आली त्या दिवशी मी क्लासला ढकललं तिला! कशासाठी? तुमचा शर्ट सरळ दिसावा म्हणून?"

मास्तरांना वडिलांची शिकवण सांगता आली असती. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही. पण ते म्हणाले, "हो. त्यासाठीच."

टाचणी मात्र आरशात स्वतःचा ओघळलेला खांदा बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, आनंद होता. "म्हणजे दुखतंच होतं मला!" ती म्हणाली. "आई, दुखतच होतं!"

मुलीचं दप्तर उचलायला आई वाकली, रोज खोकं उचलते तशी, सहज. अर्ध्यावर थांबली. खाली ठेवलं. मग दोन्ही हातांनी उचललं.

"खोकं मी दोन पावलांवर नेऊन ठेवते," ती म्हणाली. मास्तरांना नाही, कुणालाच नाही. "दोन पावलं, की संपलं."

आणि दप्तर स्वतःच्या पाठीवर घेऊन ती निरोप न घेता निघून गेली.

गोष्ट गावभर व्हायला दोन दिवस लागले. काही आया आल्या आणि दारातच विचारू लागल्या, "आमच्या पोराच्याही खांद्यात काही भरलंय का?" मास्तर वही उघडून खरं सांगायचे. मागितला तर कापूसही काढून द्यायचे. एका मुलाचे वडील मात्र जाम भडकले. "आमच्या मुलाला वाकडा म्हणता?" म्हणाले, आणि शिवायला दिलेलं कापड तसंच उचलून चौकातल्या नव्या दुकानात गेले. त्यांच्यामागे आणखी काही गेले. नव्या दुकानातला शिंपी म्हणे सगळ्यांना सरळ शिवतो. मास्तरांचं दुसरं मशीन आठवड्यातले चार दिवस झाकलेलं राहू लागलं. काकूंनी त्याच्यावर एक जुनी चादर घातली आणि त्याबद्दल एकदाही टोमणा मारला नाही. काकूंच्या बाबतीत ही बातमी मोठी होती.

दुसरी चाचणी परीक्षा संपली आणि एका दुपारी दारात कुणीतरी ओरडलं, "कासव आलं, कासव आलं!"

टाचणी स्वतःच ओरडत होती. दप्तर दोन्ही खांद्यांवर.

"मास्तरकाका, शर्ट परत आखूड! काकू, मी परत परत यावं म्हणून तुम्ही कापड पाण्यात आटवता का हो?"

"जिभेचं माप घ्या हो आधी हिच्या," काकू म्हणाल्या, पण उठून तिच्या गालावरून हात फिरवला.

आईनं तिला डॉक्टरकडे नेलं होतं. हाड वाकडं नाही, असं त्यांनी तपासून सांगितलं. एका बाजूचे स्नायू ओढून थकलेत आणि अंगाला तशीच उभं राहायची सवय लागलीय. दप्तर हलकं करायचं, दोन्ही पट्टे लावायचे, रोज आरशासमोर व्यायाम करायचा. आधी आणायला हवी होती, असंही म्हणाले. हे शेवटचं टाचणीनं भरभर सांगून टाकलं, पण मास्तरांनी ऐकलं. आईनं शाळेत जाऊन बाईंशी इतका वाद घातला की आता आठवीच्या निम्म्या वह्या वर्गातल्या कपाटात राहतात. "आई आता वीस किलोची गोष्ट सांगत नाही," टाचणी म्हणाली. "तिचीपण कंबर दुखते. तीन वर्षांपासून. आत्ता सांगितलं तिनं!"

ती स्टुलावर चढली. मास्तरांनी तळवे तिच्या खांद्यांवर ठेवले, एक डोळा मिटला. सवयीनं कात्रीकडे हात गेला. तो त्यांनी मागे घेतला.

"उजवा खांदा," ते मोठ्यानं म्हणाले, "अर्धा इंच खाली."

काकूंनी अक्षरांत लिहिलं.

"म्हणजे पाव इंच वर आलं!" टाचणीनं स्टुलावरच टाळी वाजवली. मग वरूनच तिनं मास्तरांकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं तेच तिच्याकडे बघत आले होते. "मास्तरकाका, वळा बरं जरा."

"काय गं?"

"वळा हो!" तिनं दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले, अगदी त्यांच्यासारखेच, आणि एक डोळाही मिटला. तिची बोटं त्यांच्या उजव्या खांद्यावर थांबली. दाबून पाहिलं. शर्ट मास्तरांनी स्वतःच शिवलेला होता. दुहेरी पट्टीच्या आत काहीतरी जाड, मऊ लागत होतं.

टाचणी ओरडणार होती. पण का कोण जाणे, ओरडली नाही.

"किती वर्षं?" तिनं हळू विचारलं.

"मशीनवर बसतो ना," मास्तर म्हणाले. "एका बाजूनं कापड ओढत." आणि थोड्या वेळानं, "काकूंनाच माहीत आहे."

काकू खाली मान घालून सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्या खेपेस गेला नाही. दुसऱ्याही नाही. मग त्यांनी सुई बाजूला ठेवली, वही उघडली आणि एक कोरं पान काढलं. पस्तीस वर्षांच्या वह्यांत या एका माणसाचं पान नव्हतं.

टाचणीनं मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. मास्तरांनी शर्टाची वरची बटणं सोडून उजवा खांदा उघडा केला आणि आरशाकडे तोंड करून उभे राहिले.

"लिहा काकू. उजवा खांदा." तिनं टेप ताणला. "काका, हलू नका."

मास्तर हलले नाहीत.