उलटं धरलेलं कार्ड

चष्म्यांचं दुकान उघडताना बाबा आधी डोळे मिटायचे. कुलूप काढायचं, शटर वर ढकलायचं आणि आत जाण्याआधी उंबरठ्यावर क्षणभर डोळे मिटून उभं राहायचं, हा त्यांचा रोजचा नेम. गेल्या शरदात मुलगी चार दिवसांसाठी घरी आली होती, तेव्हाही ते तसेच उभे राहिले. ती मागे वाळक्या पानांत चुळबुळत थांबली.

"कुणाला नमस्कार करता हो रोज?"

"ज्याने डोळे दिले त्याला."

"दिसला का तो कधी?"

"नाही. आणि दिसत नाही, हे मी उघड सांगतो. तू त्या जाड पुस्तकांतून मान वर काढून एकदा तरी 'मला कळत नाही' म्हणून दाखव."

"पुस्तकांना नावं ठेवू नका. ती लोकांचे डोळे बिघडवतात म्हणून तुमचा धंदा चालतो."

बाबा खदखदून हसले. हा वाद दर वर्षी व्हायचा आणि दोघांनाही तो संपवायचा नसायचा. ती दूरच्या शहरात लोकांची हस्तलिखितं तपासायची. वाचणं हेच तिचं पोट आणि वाचणं हाच तिचा विरंगुळा. वाचलेल्या गोष्टींच्या जोरावर ती कुणाशीही दोन हात करायची, देवाशी तर आधी.

घरी आलेल्याने पहिल्यांदा दुकानातल्या खुर्चीत बसायचं, असा घरचा कायदा होता. बाबांनी वाचायचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. वरची ओळ ठसठशीत, मग एकेक ओळ बारीक होत गेलेली. मजकूर बाबांनी स्वतः रचून छापून घेतला होता आणि घरातल्या प्रत्येकाला तो लहानपणापासून तोंडपाठ होता. ती बाबांकडे बघतच घडाघडा बोलत सुटली, "शरदात आभाळ निवळतं. दूरचे डोंगर जवळ येतात. घराकडे निघालेल्याला वाट विचारावी लागत नाही..." आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली शेवटची ओळ तर तिने ठसक्यात म्हटली, "इथवर वाचता आलं? मग चष्मा कशाला, घरी जा!"

"छान," बाबा म्हणाले. "फक्त कार्ड उलटं धरलंयस."

तिने खाली पाहिलं. खरंच उलटं होतं.

"मला उलटंही वाचता येतं," ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

बाबा हसले नाहीत. "माणूस एक वेळ आपलं खरं वय सांगेल, पण खुर्चीत बसला की 'दिसत नाही' म्हणणार नाही. अंदाजाने ठोकून देईल, बायकोकडे बघेल, मागचा काय म्हणाला ते आठवेल. जसा काही मी नापासच करणार आहे! आता हे कार्ड सुलटं धर..."

तेवढ्यात एक आजोबा चष्म्याची तुटकी दांडी घेऊन आले. "उद्या बघू," बाबा म्हणाले. "उद्या," तीही म्हणाली आणि सुटल्यासारखी खुर्चीतून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली, तेव्हा बाबा उठलेच नाहीत.

पुढचं सगळं तिने निभावलं. माणसं, कागदपत्रं, आईची औषधं, धाकट्या भावाला दुकानात उभं करणं. खंबीर आहे हो पोरगी, असं जो तो म्हणाला. पण आपल्या शहरात, आपल्या टेबलापाशी परतल्यावर हस्तलिखितातली अक्षरं एकमेकांना चिकटू लागली होती. तिने पडद्यावरचा टाइप मोठा केला. नवा दिवा आणला. तपासून मात्र घेतलं नाही. डोळेच गेले तर आपण काय म्हणून उरणार, हा प्रश्न एवढ्या वाचनात तिला कुठेच नीट सोडवलेला सापडला नव्हता.

यंदाच्या शरदात ती पुन्हा घरी आली. न्याहारीनंतर आईला पेपर वाचून दाखवत होती.

"काय गं," आई म्हणाली, "पेपर धरायला हात पुरेनात का तुझे?"

"उजेड कमी आहे."

"खिडकीत बसलीयेस, बाई. आधी भिंग्याकडे जा."

भिंग्या म्हणजे धाकटा भाऊ. पहिलीत असताना त्याला जाड चष्मा लागला, तेव्हापासूनचं हे नाव.

"उद्या जाते."

आईने कप खाली ठेवला. "तुमचं बापलेकीचं 'उद्या' मी एकदा ऐकलंय."

तिने चपला घातल्या.

भिंग्या नुकतंच शटर वर ढकलत होता. उंबरठ्यावर तोही डोळे मिटून उभा राहिला.

"तूसुद्धा?" तिने विचारलं.

"विश्वासबिश्वास काही नाही गं ताई. पण न थांबता आत गेलो की दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं होतं."

वाद घालायला आता समोर कोणी नव्हतं. तीही त्याच्याशेजारी उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. नमस्कार केला की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण बरं वाटलं.

दोघं आत गेली, तोच मागोमाग एक बाई आधीच्या चष्म्याच्या काचा बदलायला आल्या. त्यांना बाकावर बसवून भिंग्याने ताईला खुर्ची दाखवली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

"सुलटं आहे. बघून घे," तो म्हणाला. म्हणजे बाबांनी त्या दिवशी घरी सांगितलं होतं तर!

तिने बघितलं. बाबांचा मजकूर, ओळीमागून ओळ. "शरदात आभाळ निवळतं," तिने वाचलं. "दूरचे डोंगर जवळ येतात." त्याखाली नुसती राखाडी रेघ होती. त्या रेघेत काय लिहिलंय, ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. भिंग्या कार्डाकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघत होता, अगदी बाबांसारखा.

"पुढे?"

तिने कार्ड मांडीवर ठेवलं.

"पुढचं पाठ आहे," ती म्हणाली. आणि मग, बाकावरच्या बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात, "पण दिसत नाही. तिसऱ्या ओळीपासून मला काही दिसत नाही, भिंग्या. तपास आता नीट."