तातायांनी मला अंगरखा शिवला

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मी संगणकाच्या पोटात बसते, म्हणून तुम्ही मला पाहिले नसेल. माझे काम मात्र रोज पाहता. पडद्यावरची मोटार हजारो चिमुकल्या त्रिकोणांची बनलेली असते. तुम्ही ती जराशी फिरवलीत, की ते सगळे त्रिकोण मला नव्या जागी पुन्हा काढावे लागतात, आणि तेही तुमची पापणी लवायच्या आत.

माझा जन्म एका अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही दारातून परत पाठवतात. पुढे काही वर्षे मी मनिलातल्या एका कार्यालयात पूल आखले. मग तिथे माझ्याहून मोठे कार्ड आले आणि मी बोटीने इलोइलो शहरात, बोयेटच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. शेजारच्या कार्डाला तीन पंखे होते आणि अंगभर रंग बदलणारे दिवे. ते खेळांसाठी बनवलेले होते. मी बारीक, काळे, एका पंख्याचे. बोयेट मला ‘बिस्किट’ म्हणे.

एके दिवशी दुकानात क्रिझेल आणि तिचे वडील हेर्मो आले. हेर्मो जीपनी बांधत. जीपनी म्हणजे लांबलचक, चकाकत्या पत्र्याची प्रवासी गाडी. तिच्या नाकावर धातूचे घोडे उभे असतात. सगळी गल्ली हेर्मोंना ‘ताताय’, म्हणजे बाबा, म्हणे. पण जुन्या जीपनींचे दिवस सरत आले होते. चालकांच्या सहकारी संस्थेला आता बाजूने दार असलेली, आत ताठ उभे राहता येईल अशी गाडी हवी होती. “आधी ती अख्खी, सांगाड्यासकट, पडद्यावर फिरवून दाखवा, नाहीतर आम्ही परदेशातून तयार गाड्या घेतो,” असे संस्थेने कळवले होते. हे काम हातचे गेले असते, तर तातायांच्या कारखान्याला कुलूप लागले असते. क्रिझेलने गाडी आखली होती, पण ती फिरवताना त्यांच्या संगणकाला धाप लागत होती.

“हे न्या, ताताय,” बोयेट दिव्यांच्या कार्डाकडे बोट दाखवत म्हणाला. “लावलं की खोलीत जत्रा!”

तातायांना ते लगेच आवडले. “आपल्या गाडीला एवढे दिवे, मग संगणकानं काय पाप केलंय?”

“ताताय, आपल्याला काम करायचंय, नाच नाही,” क्रिझेल म्हणाली.

तिने शांतपणे चौकशी केली. आपले आखणीचे सॉफ्टवेअर कोणत्या कार्डांवर तपासून घेतलेले आहे? एवढी मोठी गाडी धरून ठेवायला कार्डाची मेमरी पुरेल का? आमच्या संगणकाच्या वीजपुरवठ्याला ते झेपेल का, आणि मुळात ते डब्यात मावेल का? मग तिने खिशातून पेनड्राइव्ह काढून स्वतःचीच गाडी दोन्ही कार्डांवर फिरवून पाहिली. दिव्यांच्या कार्डाने ती भराभर फिरवली. पण गाडी मधोमध कापून पाहिली, की मागच्या पत्र्याच्या रेषा पुढच्या पत्र्यातून लुकलुकत डोकावू लागत. माझ्या रेषा जागच्या जागी राहिल्या. ते कार्ड वाईट नव्हते, मित्रांनो. त्याचे काम वेगळे होते.

ताताय पडद्याला नाक लावून म्हणाले, “वेल्डिंग कुठं करायचं ते यात नीट दिसतंय. बिस्किटच घे, इंदाय.” लाडक्या लेकीला तिकडे इंदाय म्हणतात.

तातायांचा माझ्यावर जीव जडला. गाडीच्या नव्या आसनांवरचे प्लास्टिक ते कधी कोणाला काढू देत नसत. त्याच प्लास्टिकचा त्यांनी अख्ख्या संगणकाला अंगरखा शिवला. खाली लाल गोंडे लावले आणि समोर लाल दोऱ्याने लेकीचे नाव काढले. क्रिझेल तो काढायला सांगणार होती, पण स्वतःचे नाव पाहून तिने तो तसाच राहू दिला.

आत माझा कोंडमारा होऊ लागला. वेल्डिंगची काळी धूळ फटींतून आत शिरे. अंगरख्यामुळे बाहेरची हवा येत नसे, आणि माझा पंखा तीच तीच गरम हवा ओढत राही. मी फार तापले की चित्र अडे. “जुना माल तो जुनाच!” क्रिझेल चिडून म्हणे. मला बोलता येत नाही. तापणे हीच माझी हाक होती.

आणि संस्थेच्या अध्यक्षा आल्या त्याच दिवशी मी थांबले. त्यांना सगळे नांग पासिंग म्हणत. नांग म्हणजे थोरली ताई. गाडी अर्धी फिरली आणि तशीच तिरकी उभी राहिली.

“पडद्यावर अडकणारी गाडी रस्त्यावर काय चालणार गं?” असे म्हणून नांग पासिंग उठल्या.

“जेवल्याशिवाय कुणी जातं का आपल्याकडून?” तातायांनी घाईघाईने बाचोयचा वाडगा पुढे केला. त्या वाफाळत्या शेवयांच्या सुपाला नाही म्हणणारा माणूस इलोइलोत मिळायचा नाही.

“वाडगा संपेपर्यंत बसते. पुढं नाही,” त्या म्हणाल्या.

ताताय ओशाळून संगणकावर हात टेकून उभे राहिले, आणि त्यांनी तो चटकन उचलला. तापलेल्या बॉनेटवरून उचलतात, तसा.

“इंदाय, हे तर उकळतंय! रेडिएटरवर गोधडी घालून मीच बसलोय की!”

“ताताय, तुम्ही इतक्या हौसेनं शिवलंय...”

“हौस गेली खड्ड्यात! कात्री आण.”

त्यांनी स्वतःच्या हाताने अंगरखा उसवला. क्रिझेलने वीज बंद करून वायर काढली, डबा उघडला, आणि गाड्यांवर नावे रंगवायच्या मऊ, कोरड्या कुंचल्याने माझी धूळ झटकली. पंखा गरगर फिरून बिघडू नये म्हणून तिने तो बोटाने धरून ठेवला होता. आता मला थंड व्हायला वेळ हवा होता, आणि वाडगा तर संपत आला होता.

नांग पासिंग यांनी तो पुढे केला. “थोडा रस्सा वाढा बघू.”

दुसऱ्यांदा रस्सा मागणे तिथे रीतीचेच आहे. त्यांना खरेच भूक होती की आमची दया आली, हे मला आजही ठाऊक नाही.

संगणक पुन्हा सुरू झाला. मी गाडी फिरवली, उघडली, मधोमध कापून दाखवली.

“माझा थोरला ताडमाड आहे. त्याचं डोकं आपटेल?” नांग पासिंग यांनी विचारले. क्रिझेलने गाडीत एक उंच माणूस उभा केला. छत त्याच्या डोक्याच्या वरच राहिले.

“आणि नाकावरचा घोडा कुठंय?”

“नव्या गाडीवर शोभेल का, म्हणून नाही ठेवला,” ताताय हळूच म्हणाले.

“घोड्याशिवाय ती आपली गाडी कशी? बसवा घोडा, आणि लागा कामाला!”

आता मी थकले आहे. क्रिझेलची चित्रे मोठी झाली, माझी मेमरी अपुरी पडते. ती नवे कार्ड शोधते आहे, आणि तिचे प्रश्न तेच आहेत. मला दुसऱ्या संगणकात बसवणार आहेत. त्यावर नवे कामगार गाडीची चित्रे वाचायला शिकतील. माझा कुंचलाही तिथेच खिळ्याला टांगला आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारखे कार्ड निवडाल. तेव्हा आधी आपले काम काय ते पाहा, मग आमच्याकडे पाहा. आणि घरी नेल्यावर लाड करू नका असे मी म्हणत नाही, फक्त अधूनमधून हात लावून पाहत जा. तातायांनी तो अंगरखा टाकला नाही. पहिल्या नव्या गाडीच्या चालकाच्या आसनावर तो ताणून बसवला, गोंड्यांसकट. गाडी दारावरून जाते तेव्हा हॉर्न वाजतो. ताताय मग संगणकाजवळ येतात, डब्यावर तळहात टेकवतात आणि निवांत तसाच ठेवतात.